पंधरा घरं

बोरा बाजारात, जिन्याखालच्या चार बाय पाचमध्ये
मी शिक्के करतो.
चाळीस वर्षं अक्षरं उलटी वाचून
आता सुलटं वाचताना अडखळतो.
मला स्वतःला जीएसटीचा नंबर नाही,
माझी उलाढाल तेवढी कधी झालीच नाही,
पण अर्ध्या फोर्टाचे नंबर या बोटांतून गेलेत.

गिऱ्हाईक म्हणतं, काका, उरका, नुसता नंबर तर आहे.
नुसता?
पंधरा घरं असतात.
पहिल्या दोनांत सत्तावीस, म्हणजे आपला महाराष्ट्र.
पुढची दहा मालकाच्या पॅनची.
त्यातलं चौथं अक्षर सांगतं समोर कोण आहे :
सी असेल तर कंपनी, एफ असेल तर भागीदारी,
एच म्हणजे अख्खं एकत्र कुटुंब एका अक्षरात कोंबलेलं,
आणि पी म्हणजे माणूस. एकटा.
पाचवं त्याच्या आडनावाचं.
मग या राज्यात त्याची कितवी नोंदणी, ते एक घर.
मग झेड. का, ते मला कुणी सांगितलं नाही.
शेवटचं घर आधीच्या चौदांवरून निघतं;
वर एक जरी चुकलं तर ते बोंब मारतं.
रबराला ऐकू येत नाही.

कोपरकरांचं असंच झालं.
नागदेवीला कड्या-कोयंड्यांचं दुकान,
भिवंडीच्या व्यापाऱ्याने तीन महिन्यांचे पैसे अडवले होते.
त्याचा मुनीम म्हणे, बिलावर एक नंबर, पोर्टलवर दुसरा,
बिलावरचा टाकला तर असा कुणी नाहीच म्हणतंय.
कोपरकर बिलं घेऊन आले.
शिक्का माझा.
भिंग लावलं. चौथ्या घरात ओ हवा होता,
मी शून्य बसवलं होतं.
पॅनच्या पहिल्या पाचांत आकडा येतच नाही
हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ओरडले नाहीत. स्टुलावर बसले, कटिंग घेतला,
म्हणाले, शून्य जरा उभट असतं हो,
आमच्याकडे वॉशर आणि कडी ओळखायची तशी ओळखायची.
नवा शिक्का केला. पैसे घेतले नाहीत.
त्यांनी ठेवलेच.
तेव्हापासून मी सर्टिफिकेट मागतो,
मोबाइलवर टाइप केलेलं घेत नाही.

गेल्या मार्गशीर्षात त्यांची मुलगी आली, वैजयंती.
रुमालात तोच शिक्का.
सोबतच्या कागदावरचा नंबर मात्र वेगळा.
बाबा गेले, म्हणाली. दुकान मी बघते.
सीए म्हणाले, दुकान वारसाला मिळतं, नंबर मिळत नाही.
तो बाबांच्या पॅनचा, तो त्यांच्याबरोबर रद्द.
मी नवी नोंदणी केली,
त्यांचं शिल्लक क्रेडिट फॉर्म भरून माझ्याकडे वळवलं,
दोनदा परत आला फॉर्म.

मी दोन्ही नंबर शेजारी ठेवले.
सत्तावीस तेच. पी तोच. एक आणि झेड तेच.
आणि के.
म्हटलं, तू तर सुर्वे झालीस ना?
झाले की. कार्डावर नाव बदललं.
पॅन लग्नाआधीचा, नंबर बदलत नाही, काका,
के राहिला.

जुनं रबर ब्लेडने सोडवलं, दोन तुकडे केले,
रद्द झालेला नंबर कुणाच्या हाती लागू नये.
लाकडी मूठ टाकवेना.
अंगठ्याच्या जागी ती काळी, गुळगुळीत झाली होती.
नवं रबर तिलाच चिकटवलं.

वैजयंतीने रद्दीवर ठसा मारला,
नख टेकवत एकेक घर मोजलं, चौथ्याशी थांबली.
हा ओ नाही ना?
नाही, म्हटलं, तुझ्यात तिथे आर आहे.
तरी तिने कागद काढून ताडून पाहिलं.
बरोबर केलं.